मिल गेटचा स्टॉप

परवा लेकीने मला हौसेने मेट्रोत बसवून आणलं. स्टेशनातून बाहेर पडायच्या तोंडाशी भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा. तुम्ही इथे आहात असं दाखवणारा ठिपका, त्याच्याभोवती रस्ते, चौक, दवाखाने, बगीचे. लेक म्हणाली, "आई, बघ ना, आता कोणाला विचारायची गरजच नाही." मी म्हटलं, "हो गं बाई, छान आहे," आणि बाहेर येऊन पहिला दिसला त्या उसाच्या रसवाल्याला रस्ता विचारला. तो बिचारा गाडी सोडून चौकापर्यंत आमच्यासोबत आला. लेक चिडली. चिडू दे.

इंदूरमध्ये रस्ता विचारला आणि समोरचा 'माहीत नाही' म्हणाला, असं मी जन्मात ऐकलं नाही. माहीत नसलं तरी सांगतील, चुकीचं सांगतील, वर "आगे किसी से भी पूछ लेना भिया" म्हणतील, पण हात झटकणार नाहीत. घराचे नंबर पोस्टमनने बघावेत. बाकी सगळा कारभार खुणांवर. जुन्या इंदूरची माणसं नदीवरून पत्ता सांगतात, छत्रीबागेतली राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्यांवरून, आणि आम्ही मिलच्या भागातले मिलवरून. या सवयीने माझ्या घराचं काय केलं ते मला सांगायचं आहे. मी कोणाला दोष द्यायला बसलेली नाही. खरं म्हणजे बसली आहे, पण तो कोणाच्या पदरात घालावा ते आजवर ठरलेलं नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचे वडील खानदेशातून मिलमध्ये कारकून म्हणून आले होते, आणि अण्णा विणाई खात्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे मागांच्या एका रांगेवर आणि तिथल्या माणसांवर देखरेख करणारा. आमचं घर मिलच्या मागे, चाळीत. तिला सगळे 'लाईन' म्हणायचे. मिलसमोर टेम्पोचा स्टॉप, त्याचं नाव मिल गेट. काळे, तीनचाकी, धूर ओकत फटफटणारे ते टेम्पो राजवाड्याहून निघाले की ड्रायव्हर सगळे स्टॉप ओरडत यायचा, आणि 'मिल गेट' म्हटलं की अर्धा टेम्पो रिकामा व्हायचा. गेटच्या अगदी समोर नाला, आणि नाल्यावर पुलिया, म्हणजे दोन्ही बाजूंना बसण्याजोगा कठडा असलेला छोटा पूल. शिफ्ट सुटली की त्या कठड्यावर चिमण्यांसारखी माणसं बसलेली असायची, कट चहा पीत, एकमेकांची टिंगल करत.

मग मिल बंद झाली. एका झटक्यात नाही, आजारी माणूस जातो तशी हळूहळू गेली. आधी रात्रपाळी गेली. मग कापूस यायचा बंद झाला, मग वीज तोडली, आणि एका सकाळी भोंगाच वाजला नाही. आई त्या दिवशी उशिरा उठली, कारण तिचं घड्याळ म्हणजे तो भोंगा. उठून म्हणाली, "अगं बाई, आज काय झालं?" अण्णा दाढी करत होते. म्हणाले, "काही नाही. होईल सुरू."

शहरात तेव्हा म्हणे नवं वारं आलं होतं. पीथमपूरला कारखाने उभे राहत होते, चौकाचौकात फोनचे बूथ निघत होते, लोकांकडे रंगीत टीव्ही येत होते. आमच्या लाईनीत मात्र एक अफवा आली. मिल परत सुरू होणार, पण जो गेटवर हजर असेल त्यालाच आधी आत घेणार. जो दुसरीकडे चिकटला त्याचं नाव कटलं. कुठून निघाली ही गोष्ट, देव जाणे. ज्याने कोणी ती पसरवली त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार, तसा माणसांनी तिचा आधार घेतला. सगळे जॉबर, सगळे मजूर शिफ्टच्या वेळेला तयार होऊन गेटवर जायला लागले. अण्णा डबा घेऊन जायचे. आई डबा भरून द्यायची, दोन पोळ्या, भाजी, कधी शेव. मी विचारलं तर म्हणाली, "माणूस रिकाम्या हाताने घराबाहेर पडला की लोक विचारतात, कुठे चाललात. हातात डबा असला की कोणी विचारत नाही."

सुरुवातीला पुलियावर जागा मिळायची नाही इतके लोक बसायचे. मग एकेक उठला. एकाने पोह्यांची गाडी लावली, एक टेम्पो चालवायला लागला, एक कुठल्याशा दुकानाबाहेर वॉचमन झाला, बरेचसे आपापल्या गावी परतले. पोटाला अफवा कळत नाहीत. आमचे अण्णा तेवढे उठले नाहीत. आई शिवणाच्या मशीनवर बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावायची, बायाबापड्यांचे ब्लाउज शिवायची, आणि त्यावर आमचं घर चालायचं. रोज संध्याकाळी म्हणायची, "अहो, बघा ना कुठे काही." अण्णा म्हणायचे, "आणि उद्या गेट उघडलं तर?" उत्तर होतं, पण ते आईला तोंडातून काढवत नव्हतं.

पुलियावर एकटं बसून माणूस करणार काय? अण्णांनी रस्ता सांगायचं काम घेतलं. टेम्पोतून उतरून कोणी इकडेतिकडे बघायला लागला की अण्णा हाक मारायचे, "किधर जाना है भिया?" आणि अगदी जीव लावून सांगायचे. फक्त सांगायचे ते सगळं मिलच्या हिशोबाने. बॉयलरच्या बाजूने जा, कँटीनचा कोपरा लागेल, तिथून दुसऱ्या गेटाकडे. आता कँटीन पडलेली, दुसरं गेट विटांनी बुजवलेलं, बॉयलर तर भिंतीपलीकडे, तो बाहेरच्याला दिसणार कसा? माणूस गोंधळून बघत राहायचा. मग अण्णाच डबा काखेला मारून उठायचे आणि त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवून यायचे. शिफ्ट बदलायची वेळ झाली की, भोंगा नसताना, नुसत्या उन्हावरून त्यांना कळायचं. ते उभे राहायचे, शर्ट झटकायचे, गेटपर्यंत जाऊन कुलपाला हात लावायचे आणि परत येऊन बसायचे. मी कॉलेजला त्याच रस्त्याने पायी जायची आणि हे बघायची. मला त्यात वेड दिसलं नाही. मला वाटायचं, नमस्कार करताहेत.

माझ्या आईचा भाऊ, माझा मामा, पीथमपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. आईने त्याच्या किती मिनतवाऱ्या केल्या ते मला माहीत आहे. शेवटी त्याने त्याच्या साहेबांना तयार केलं. कामगारांवर देखरेख करायला जुना, जाणता माणूस हवा होता. साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आलेले, मराठी. एका सुट्टीच्या दिवशी त्यांना इंदूरमध्ये काही काम होतं, तेव्हा घरी येऊन अण्णांना भेटून जाणार होते. हे म्हणजे फारच झालं. साहेब स्वतः घरी येणार! आईने आधी मला सांगितलं, मग सगळं धैर्य गोळा करून अण्णांना. मला वाटलं, आता हे गेटचं पुराण सुरू करणार. पण अण्णा म्हणाले, "बरं. करतो." एवढंच. आई मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. तिला वाटलं मला कळलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून घरात सण असल्यासारखी गडबड. आईने पोहे भिजवले, शेजारून चांगल्या कपबशा आणल्या. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि चपला घालायला लागले. आई म्हणाली, "अहो, आज तरी नका जाऊ!" अण्णा हसले. किती दिवसांनी हसले होते! म्हणाले, "अगं, नवा माणूस आहे, पुण्याचा. त्यांना लाईन सापडणार आहे का? मी स्टॉपवरूनच घेऊन येतो त्यांना." आणि सवयीने त्यांचा हात फळीवरच्या डब्याकडे गेला. डबा तर रिकामाच होता, आईने त्या दिवशी भरला नव्हता. तरी काखेला मारला आणि गेले. आई म्हणाली, "जाऊ दे. हाताला काहीतरी हवं त्यांच्या."

दुपार व्हायच्या आधी दारात एक गृहस्थ उभे. डोळ्यांवर चष्मा, हातात कातडी बॅग. नमस्कार चमत्कार झाले. आई त्यांच्या मागे बघत होती. मागे कोणीच नव्हतं. साहेब खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली आणि मोकळेपणाने म्हणाले, "घर सापडेल की नाही अशी शंका होती हो. पण तुमचं इंदूर गमतीदार आहे! टेम्पोवाल्याला लाईन म्हटलं, तर म्हणाला, पागल पुलियावर उतरा. तिथे एक पागल डबा घेऊन बसलेला असतो, त्याला विचारा, तो बरोबर सांगतो. आणि खरंच बसला होता! मी त्याला म्हटलंसुद्धा, अहो, तुमच्या नावाची पुलिया आहे की इथे! तुमचं घर विचारल्यावर त्याने अगदी नीट सांगितलं. उठून उभा राहिला, हात जोडले. बिचारा."

आईच्या हातात पोह्यांची बशी होती. तिने ती टेबलावर ठेवली, हळूच, आवाज न होऊ देता. ते नाव आम्ही दोघींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं; अण्णांच्या देखत टेम्पोवाले मिल गेटच ओरडायचे. ज्याची बदनामी होते त्याला आणि त्याच्या घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं, म्हणतात ना, तसं. आई मला म्हणाली, "जा, अण्णांना बोलावून आण." तिचा आवाज साधाच होता.

मी पळत गेली. अण्णा पुलियावर बसले होते, पण रोजच्यासारखे रस्त्याकडे तोंड करून नाही, नाल्याकडे. मी म्हटलं, "अण्णा, चला ना. साहेब आलेत." ते म्हणाले, "माहीत आहे. मीच पाठवलं." मी म्हटलं, "मग?" ते म्हणाले, "त्यांनी मला बघितलं."

"बघितलं तर काय झालं? त्यांना काय माहीत तुम्ही कोण ते!"

"म्हणूनच तर," अण्णा म्हणाले. "आता कोणत्या तोंडाने येऊन समोर बसू, की साहेब, तो मीच?"

मी हाताला धरून ओढलं. रडली, ओरडली, रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, आईकडे तरी बघा, तिने सकाळपासून काय काय केलंय. अण्णांनी माझा हात सोडवला, झटकून नाही, लहान मुलाची मूठ उघडावी तसा. म्हणाले, "तू जा. सांग, अण्णा गावाला गेलेत." त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग पडला होता. तेवढा आठवतो. चेहरा त्यांनी दाखवलाच नाही.

मी एकटी परत आली. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं समजलं. मी 'गावाला' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. "साहेब, तुम्हाला रस्ता सांगितला ना, तेच आमचे हे. तुम्हाला आणायलाच गेले होते."

पुण्याचे साहेब वाईट माणूस नव्हते. मी आजही त्यांना वाईट म्हणणार नाही. ते उठले, परत बसले, चष्मा काढला, घातला. "मला खरंच कल्पना नव्हती," असं म्हणाले आणि तेच परत म्हणाले. पोहे त्यांनी दोन चमचे खाल्ले, आणि ते गिळताना त्यांना किती त्रास होत होता ते दिसत होतं. कळवतो म्हणाले. निघताना दारात मला हळूच विचारलं, "इथून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला रस्ता आहे का?" होता. मी त्यांना मागच्या गल्लीतून पाटणीपुऱ्याच्या रस्त्याला लावून दिलं. काय करणार, मीसुद्धा इंदूरचीच.

कळवलं नाही. मामा पुढे म्हणाला, त्यांना जरा तरुण माणूस हवा होता. आभाळच फाटलं, तर ठिगळ कुठे कुठे लावणार?

त्यानंतर अण्णा पुलियावर गेले नाहीत. आईला जे हवं होतं तेच झालं, आणि इतकं वाईट झालं की तिला ते परत फिरवता आलं असतं तर तिने स्वतः डबा भरून त्यांना तिथे नेऊन बसवलं असतं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. खोकला आधीपासूनच होता, कापसाची धूळ इतकी वर्षं छातीत गेलेली. आता तो वाढला. डॉक्टरकडे जायचं तर ते मिल गेटच्या स्टॉपवरून टेम्पोत बसायला तयार नसायचे. पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायचे, चार पावलं टाकून धापा टाकत. कारण टेम्पो पुलियाशी आला की ड्रायव्हर हाळी द्यायचा, "पागल पुलिया, पागल पुलिया, चलो उतरो भिया." माणूस उठून गेला होता, नाव तिथेच बसून होतं. गेटाचा पत्रासुद्धा कोणीतरी चोरून नेला, पण ते नाव कोणी चोरलं नाही.

मी एकदा भांडली. तोपर्यंत मला रोज टेम्पोने जावं लागत होतं. एका टेम्पोवाल्याने हाळी दिली आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी खाली उतरून त्याच्या समोरच जाऊन उभी राहिली. म्हटलं, शरम नाही वाटत? आणि मग बघते तर ओळखीचा. हा अण्णांच्याच रांगेत मागावर होता. दिवाळीला आमच्या घरी फराळ खाऊन गेलेला. त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "दीदी, पहले-पहल मेरे ही मुंह से निकला था. हंसी-मज़ाक में. उनको रोज ताला छूते देखता था ना." मी म्हटलं, "तो अब बंद करो." तो म्हणाला, "मैं तो बंद कर दूं, दीदी. सवारी खुद बोलती है, पागल पुलिया रोकना. मिल गेट बोलूं तो नए लोग पूछते हैं, कौन-सी मिल?" मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तो डोळे पुसत निघून गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याच्यावर रागावून तरी काय करणार होती मी?

मला एका कुरिअरच्या ऑफिसात नोकरी लागली होती. नवाच धंदा होता तो तेव्हा, लोक पोस्ट सोडून तिथे यायचे. माझं काम काउंटरवर बसून पाकिटांवरचे पत्ते तपासायचं, नीट नसले तर विचारून लिहायचं. वाटणारी पोरं नवी, त्यांना खूण लागायची. आमच्या भागातलं पाकीट आलं की मी विचारायची, "कोई लैंडमार्क?" आणि गिऱ्हाईक बिनदिक्कत सांगायचा, "पागल पुलिया के पास लिख दो." शिकली-सवरलेली माणसं, टाय लावलेली. मी लिहायची. नाही लिहिलं तर पाकीट फिरून परत यायचं आणि ऑफिसातले साहेब मला बोलायचे. माझ्या बापाला शहर काय म्हणतं ते मी स्वतःच्या अक्षरात, चांगल्या वळणदार अक्षरात, लिहून दिलेलं आहे. घरी जाऊन अण्णांना चहा द्यायची तेव्हा ते विचारायचे, "काम कसं आहे?" मी म्हणायची, "चांगलं आहे, अण्णा." ते म्हणायचे, "पत्ते नीट लिहीत जा. माणसं भटकतात."

अण्णा एका थंडीत गेले. मोठ्या सरकारी दवाखान्यात थोडे दिवस ठेवलं होतं, मग तिथल्या डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणल्यावर दुसऱ्या पहाटे खोकला थांबला, आणि खोकला थांबला म्हणून आईला जाग आली.

त्यांना एकच बहीण, माझी आत्या, बऱ्हाणपूरला. निरोप गेला. ती मुलाला घेऊन मिळेल त्या बसने निघाली. आमच्या दारात माणसं जमली, मामा आला, तिरडी बांधून झाली. सगळे म्हणायला लागले, आता किती थांबायचं, उन्हं उतरायच्या आत न्यायला हवं. आई म्हणाली, "वन्सं आल्याशिवाय हलवायचं नाही. त्यांनी भावाचं तोंड बघितलं पाहिजे." लग्नात अण्णांच्या मागे करवली म्हणून उभी राहिलेली ती, आई-वडील गेल्यावर अण्णांनीच तिला वाढवलेली. तिला तोंड दिसलं नाही तर ती आयुष्यभर झुरेल, हे आईला माहीत होतं. मामा घड्याळ बघत होता. भटजी दोनदा आत येऊन गेले.

लाईनीत शेजारच्याच घरी नवा फोन बसवलेला होता. तिथून हाक आली, बऱ्हाणपूरवाल्यांचा फोन आहे, लवकर या. आई उठली, मी तिच्यासोबत गेली. फोनवर आत्येभाऊ होता, बस स्टँडवरच्या बूथमधून बोलत होता, इतका मोठ्याने की मला बाजूला उभं राहून सगळं ऐकू येत होतं. "मामी, आम्ही कधीचे उतरलोय. एक रिक्षा केली तर त्याने भलत्याच मिलवर नेऊन सोडलं. तीही बंदच. तिथून परत स्टँडवर आलोय. मिल गेट म्हटलं की कोणालाच कळत नाही. आई रस्त्यात बसून रडतेय. मामी, काय सांगू रिक्षावाल्याला?"

मी हात पुढे केला. म्हटलं, आई, दे, मी सांगते. ते शब्द तिच्या तोंडून मला नको होते, त्या दिवशी तरी नको होते. शेजारच्या घरातली सगळी तिथेच उभी होती. त्यांच्यातला एकेक जण ते नाव रोज घेत होता, आणि आता एकेक जण खाली बघत होता. आईने रिसीव्हर सोडला नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "त्याला सांग, पागल पुलिया. नुसतं पागल पुलिया म्हण, बाळा. तो बरोबर आणून सोडेल."

आणि सोडलं. थोड्याच वेळात रिक्षा थेट लाईनीच्या तोंडाशी आली. आत्या उतरली ती धडपडतच, मुलाच्या आधाराने. बायांनी वाट करून दिली. ती आईच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत, जे मनात आलं ते बोलायला लागली, माणूस अशा वेळी बोलतो तसं, काहीही. "वहिनी, किती भटकलो गं! किती विचारलं! आणि हे कसलं मेलं नाव घेऊन यावं लागलं माझ्या भावाच्या दारात! कोण पागल होता गं इथे?"

टेम्पोवाला, तो अण्णांच्या रांगेतला, खांदा द्यायला आला होता, तो भिंतीकडे वळला. आईने आत्याच्या दंडाला धरलं, तिला पुढे आणलं आणि अण्णांच्या तोंडावरची चादर खाली केली.

"आधी तोंड बघा, वन्सं," ती म्हणाली.